गुलाब कुणाकडे बघतात

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्याच्या आदल्या दिवशी अंगणातल्या सगळ्या गुलाबांनी त्यांच्या खिडकीकडे तोंड केलं. सुनेने कुंड्या फिरवून पाहिल्या. तासाभरात फुलं पुन्हा तिकडेच वळली.

महिन्याने डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. शेजारी सून उभी होती, कडेवर सात महिन्यांची लेक.

"अगंबाई, आज सगळी तुझ्याकडेच बघतायत की! महिनाभर खतपाणी तू घातलंस, आता मला कोण विचारतंय?" सासूबाई हसल्या.

सून हसली नाही. लेकीला आत पाळण्यात ठेवून ती एकटीच फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडे बघा," ती फुलांना पुन्हापुन्हा सांगत होती.

तासाभराने सगळी फुलं पाळण्याच्या खिडकीकडे वळली.