आपल्यासाठी वेगळी खोली

तंबूंचं भाडं घासाघीस करून खाली आणलं, गाडी लहान केली, बर्फावर चालायचे काटेरी बूट विकत घेण्याऐवजी तिकडेच भाड्याने घ्यायचं ठरवलं. तरी अंदाजपत्रक बसेना. भूशास्त्राच्या बाई कठडा धरत वरच्या मजल्यावर गेल्या, विभागप्रमुखांच्या टेबलावर कागद ठेवले आणि खुर्ची ओढून जरा दम खाल्ला.

अभ्याससहल परदेशातल्या एका हिमनदीवर जाणार होती. बर्फ मागे सरकला की खाली काय उरतं, ते विद्यार्थ्यांनी तिथे मोजायचं होतं. बाईंचा हात फळ्यावर हिमनदी काढण्यात इतका बसला होता की वर्गाकडे तोंड करून बोलतानाही रेघ चुकत नसे. पण खडूची सोडून दुसरी हिमनदी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. निवृत्ती तोंडावर आली होती. सहल मंजूर झाली त्या दिवशी त्या घरी आल्या आणि नुसतं "जमलं" म्हणाल्या. नवऱ्याने चालू सामना बंद केला होता.

विभागप्रमुख याच वर्षी बदलून आले होते. सावकाश बोलायचे. पाणी आणून देणाऱ्या शिपायाशीही अदबीने वागायचे. त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आपण तंबूत झोपणार?"

"तिथे सगळेच झोपतात, सर."

"मुलांचं ठीक आहे. आपल्याला ते झेपणार आहे का? आपल्यासाठी वेगळी खोली हवी. गरम पाण्याची."

बाईंनी खोली घातली. त्यासाठी मुलांचा एक दिवस कापला.

पुढच्या खेपेला विषय निघाला गुडघ्यांचा. तळापासून बर्फापर्यंतची चढण आपल्या गुडघ्यांना मानवणारी नाही, निदान अर्ध्या वाटेपर्यंत गाडी पाहिजे, असं प्रमुखांचं म्हणणं पडलं. बाईंनी गाडी घातली. मग विमानात आपल्याला पाय लांब करता यायला हवेत, म्हणून पुढची जागा. मग आपला विमा जरा वरच्या दर्जाचा. दर वेळी बाई "बरं, सर" म्हणत आणि जिना उतरताना दातओठ खात.

"त्यांना हिमनदी नकोय, हवापालट हवाय," घरी आल्या आल्या त्यांनी पर्स सोफ्यावर टाकली. "आपल्याला खोली, आपल्याला गाडी. स्वतःला 'मी' म्हणायलासुद्धा कमीपणा वाटतो."

"असतात तशी माणसं," नवरा म्हणाला. "आमच्या साहेबांचंही तेच. 'आपण कुणाचं ऐकून घेत नाही,' म्हणजे ते स्वतः. तू आता एक मालिशवालाही लिहून टाक."

"तू गप्प बस."

"अगं, मग सरळ विचार ना त्यांना, तुम्ही कशाला येताय म्हणून."

विचारून काय होणार, असं बाईंना वाटलं. सही त्यांची लागत होती. त्यांनी उद्या सहलच रद्द केली असती, तर इतक्या मुलांच्या तोंडचा घास गेला असता. त्यापेक्षा ही एक ब्याद सोबत नेलेली परवडली. अंदाजपत्रकात त्यांनी शिक्षक दोन धरले आणि ओढाताण चालू ठेवली.

शेवटी लेखा विभागाने हात वर केले. मंजूर रकमेत एवढी माणसं बसत नाहीत. विद्यार्थी कमी करा, नाहीतर एक शिक्षक. बाई तो निरोप घेऊन वर गेल्या. प्रमुखांनी क्षणभरही विचार केला नाही.

"विद्यार्थी एकही कमी करायचा नाही. शिक्षक एकच धरू. आपण जाणार, तेवढं पुरे. शिकवायला तिकडचे शास्त्रज्ञ आहेतच."

प्रमुखांनी 'शिक्षक एक' अशा दुरुस्तीसह अंदाजपत्रकावर सही केली आणि सहल छान होईल, असं मनापासून म्हणाले. त्या मनापासूनपणाचा बाईंना जास्त राग आला.

खाली येऊन त्या रिकाम्या वर्गात बसल्या. विद्यार्थी कमी करायचा म्हणजे कोणाला करायचा? सगळ्यांत मागच्या बाकावरच्या मुलीला? ती प्रश्न विचारून भंडावून सोडायची, पण बर्फाच्या थरांवर तिने लिहिलेला निबंध बाईंनी घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवला होता. प्रमुखांशी भांडावं? सही तर झाली होती. भांडणात महिना गेला असता आणि तिकिटांचे भाव तोवर थांबले नसते.

दुपारी बाईंनी कार्यालयातून पासपोर्टच्या प्रती काढल्या. तिथे सगळ्या शिक्षकांच्या होत्या. प्रवास कंपनीतल्या मुलाने फोनवर बजावून सांगितलं, की स्वस्तातली तिकिटं आहेत, नाव नंतर बदलून मिळणार नाही, पैसेही परत नाहीत. बाईंनी सगळी नावं नीट वाचून दाखवली. शिक्षकाचं नाव सांगताना आवाज हलू दिला नाही.

संध्याकाळी त्या तिकिटं घेऊन जिना चढल्या. बसल्या नाहीत.

"झालं सगळं, सर. खोली, गाडी, पुढची जागा, आपण सांगितलं होतं तसं. आता यात काही बदलता येणार नाही."

प्रमुखांनी चष्मा लावला. वरचं तिकीट वाचलं, उलटून पाहिलं आणि पुन्हा वाचलं.

"यात माझं नाव कसं, मॅडम?" ते म्हणाले. "मी कुठे जातोय? इतके दिवस आपण, आपण म्हणतोय, ते तुम्हालाच ना."