मुका सोमवार

शरणम्मानं दोन्ही हात चौकटीला लावले आणि दार अडवून उभी राहिली. समोर शाहीन मॅडम. मुरुमहून एसटीनं माकणीला यायची ही त्यांची तिसरी खेप.

शाहीन मॅडम जन्मापासून बहिऱ्या. लहानपणी त्यांच्या शाळेत हात हलवला की हातावर पट्टी बसायची. म्हणून तर हट्टानं मास्तरीण झाल्या, आणि बावीस वर्षं बहिऱ्या पोरांना खुणांच्या भाषेत शिकवत होत्या. शरणम्माची नात आरोही तशीच बहिरी. सात वर्षांची झाली, तरी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मॅडमच्या निवासी शाळेत नाव घालायचा उद्या शेवटचा दिवस होता. उद्या चुकलं, की पोरीचं आणखी एक वर्ष शेळ्यांमागं जाणार.

मागच्या दोन्ही खेपेला शरणम्मानं धुडकावून लावलं होतं. "हात नाचवून माकडं होत्यात, माणसं न्हाय. आमची पोर तोंडानं बोलंल!" आणि हे तरी मॅडमला म्हणावं? छे! सोबतच्या दुभाषी बाईकडं बघून म्हणाली. मॅडम आपल्या बाजूला ठेवलेल्या पिशवीसारख्या. आज दुभाषी बाई तापानं आडवी पडलेली. मॅडमजवळ नुसती वही होती.

आणि यायला वार कुठला निवडला, तर सोमवार! त्यांना बिचारीला काय ठाऊक, या घरात सोमवारी काय असतं ते.

शरणम्मा दर सोमवारी मुकं राहायची. सकाळी अंघोळ करून कपाळभर विभूती ओढली, की संध्याकाळी उपास सोडेपर्यंत तोंडातून शब्द नाही; घरातलं हवं-नको सगळं हातवाऱ्यांवर. पाच वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. आता दारात आलेल्या बाईला हाकलायचं कसं? म्हातारीची अशी पंचाईत जन्मात झाली नव्हती. शेवटी तिनं हात उचलले.

ओठांवर बोट ठेवलं. देव्हाऱ्यातल्या महादेवाकडं दाखवलं. मग आरोहीकडं दाखवलं, आणि आपल्या गळ्यापासून ओठांपर्यंत हात नेऊन पाची बोटं उघडली. पोरीला वाचा येऊ दे म्हणून हे मौन!

मॅडमना भरून आलं. पण ऐकून घेणाऱ्यातल्या त्याही नव्हत्या. त्यांनी आपले दोन्ही हात शरणम्मापुढं धरले, आणि मग स्वतःच्या ओठांना लावले. वाचा इथंही असते, आजी. त्यावर शरणम्मानं माकडाची अशी काही नक्कल केली, की मॅडम खो खो हसत सुटल्या. आणि मग जी जुंपली! म्हातारी पदर खोचून भांडत होती, मॅडम ओढणी सावरत उत्तर देत होत्या. बावीस वर्षांत कितीतरी दारं झाली, पण कुणी त्यांच्याशी असं डोळ्यांत डोळे घालून भांडलं नव्हतं. भांडण असूनही त्यांना मनापासून आनंद झाला. सून निकिता चहाचा कप हातात धरून बघतच राहिली.

तेवढ्यात आरोही मधी घुसली. तिनं मॅडमची ओढणी ओढली. आजीकडं बोट केलं, स्वतःच्या कपाळावरून तीन बोटं आडवी ओढली, आणि दोन्ही हात भराभर हलवले. चेहरा नुसता फुलला होता. मग तिनं कपाळ पुसल्यासारखं केलं, परत आजीकडं बोट केलं, आणि तोंडावर हात ठेवून मान खाली घातली.

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी वहीत दोन ओळी लिहून निकितापुढं धरल्या. निकितानं त्या मोठ्यानं वाचल्या.

"आत्याबाई, आरोही म्हणायलीय... आजी फक्त सोमवारी बोलती. बाकीच्या दिवशी आजी मुकी असती."

शरणम्मा आरोहीसमोर उंबऱ्यावर टेकली. पाच वर्षं ती देवाकडं ज्या पोरीसाठी वाचा मागत होती, ती पोर आजी कधी बोलंल म्हणून आठवडाभर वाट बघत होती. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं आरोहीला जवळ ओढलं. मग मॅडमचा हात धरला, आभाळात सूर्य मावळून पुन्हा उगवलेला दाखवला, आणि दोन बोटं चालवत नेली. उद्या येतो. दोघी.

मंगळवारी सकाळी दोघी फाट्यावर उभ्या होत्या. शरणम्माच्या खांद्याला आरोहीची पिशवी, आणि हात एकसारखे चाललेले. शेजारचा गोरोबा सायकल थांबवून बघायला लागला.

"आवं शरणम्मा, आज मंगळवार की! आज बी मुकं ऱ्हायलाव व्हय?"

"मुकी कुठली रं?" हात न थांबवता शरणम्मा म्हणाली. "नातीसंगं बोलायलेय की!"