बांधाची साक्ष

माती तपासायचं यंत्र निवृत्तीनेच हट्टाने मागवलं होतं. “शेजारच्या अनसूयावहिनी बांध कोरतात,” असं तो गावभर सांगत फिरला होता. आपला फाळ दरसाल जरासा पलीकडे सरके, ते त्याने चोरीत कधी धरलंच नव्हतं.

मातीतल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी वाचून यंत्र सांगे, कोणत्या मातीने उसाच्या पाचटाची आग किती वर्षं सोसली. वहिनी पाचट कधीच जाळत नसत. निवृत्ती दरसाल जाळी. पण बांधालगतच्या त्याच्या दोन सऱ्यांत आगीची खूण अगदी कोवळी, अलीकडच्या थोड्याच वर्षांची निघाली.

“ही माती वहिनींची,” यंत्र घेऊन आलेली तपासनीस मुलगी म्हणाली.

“ठाऊक आहे गं मला,” वहिनी म्हणाल्या. “भावजी, ऊस उभा आहे. तोडून घ्या, मग बांध सरकवा.”

निवृत्तीने मान खाली घातली. तर पायाशी तीच माती, सगळं बोलून मोकळी झालेली.