वरची मूठ

सोसायटीच्या गेटाशी कौसल्यानं ‘थेट आमच्या शेतातून’ हा फलक लावला आणि मटारचं पोतं उघडलं. घरच्या मटारावर यंदा भुरीचा रोग पडला होता. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून हे पोतं तिनं पहाटेच मार्केट यार्डातून विकत आणलं होतं.

दर शनिवारी येणारे पेन्शनर काका आले. तिनं किलोभर मटार तोलून त्यांच्या पिशवीत ओतले. काका पिशवी उघडी धरून थांबले. तोललेल्या मालावर आणखी एक मूठ घालायची तिची रीतच होती. आज विकतच्या मालाला तिचा हात पुढं होईना.

“यंदा कमी पिकलं वाटतं?”

“रोग पडला, काका,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

काकांनी आपल्याच पिशवीतून मूठभर मटार काढले आणि तिच्या पोत्यात टाकले. “दरवेळी तुम्ही देता. आज वरची मूठ माझी. तुमच्या घामाचं आहे ते, ताई.”

रांगेतल्या मागच्या बाईनं ते बघून पिशवी पुढं केली. “मलाही दोन किलो. वरची मूठ नको हं.”

कौसल्याला तराजू उचलवेना.