बधिर जागा

जॉयस्टिकच्या पाचपैकी तीन वायरी बाबांनी जोडून ठेवल्या होत्या. उरलेल्या दोन स्मिता जोडत होती. एक डाव्या-उजव्या हालचालीची, एक वर-खालीची. कथिल वितळलं, चमकलं, थंड झालं. तिनं वायर हलकेच ओढून पाहिली. ओढून पाहिल्याशिवाय कथलाच्या डागावर विश्वास ठेवायचा नाही, हे बाबांनीच शिकवलं होतं.

“झालं का अक्का?” सुरज दारातून म्हणाला. मग फोनवर ड्रायव्हरला अर्ध्यामुर्ध्या कानडीत, “सरी अण्णा, स्वल्प. पाच मिनिटं.”

आईच्या दोन बॅगा त्यानं सकाळीच गाडीत ठेवल्या होत्या. बाबांचं तेरावं होऊन तीनच दिवस झाले होते. शहराच्या दुसऱ्या भागात, हेब्बाळच्या त्याच्या फ्लॅटमध्ये आईची खोली तयार होती. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं के. आर. पुरमच्या या घरात एकटं राहायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. स्मितालाही ते पटलं होतं.

आईला पटलं नव्हतं. ती तिच्या खुर्चीत, हात पदराखाली घेऊन बसली होती.

“ह्यांनी माझ्यासाठी करायला घेतलेलं आधी पुरं करा,” सकाळी ती म्हणाली होती. “मग बघू.”

“आई, असला गेम दोन हजारात तयार मिळतो,” सुरज म्हणाला.

“मग तो तू खेळ की.”

वस्तू लहानशी होती. बाबांनी टेलिफोनच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढलेली, म्हणून वरचं कवच एका जुन्या टेलिफोनचं. आत एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणलेला छोटा पडदा, बोटानं ढकलायची एक जॉयस्टिक, आणि एकच खेळ: साप. आईच्या जुन्या, बटणांच्या फोनवरचा. तिचा साप पडदाभर व्हायचा आणि तरी मरायचा नाही. दोन वर्षांपूर्वी तो फोन गेला. नव्यावर ती खेळली नाही. काचेवर मन लागत नाही म्हणाली. मुलांनी ते वयावर घातलं. त्याच सुमाराला बाबा स्वतः चहा ओतून आणून द्यायला लागले. “रिटायर झाल्यावर दहा वर्षांनी सुधारले,” असं सुरज म्हणायचा आणि सगळे हसायचे.

स्मितानं यंत्र लॅपटॉपला जोडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती पोरांकडून हेच करून घ्यायची. जॉयस्टिक सोडली की आकडा मधोमध, पाचशे बारावर, यायला हवा. तो कधीच नेमका येत नाही, पाच-दहानं इकडेतिकडे होतो. म्हणून मधल्या आकड्याभोवती थोडी जागा बधिर ठेवतात. तेवढ्या हालचालीकडे यंत्र लक्ष देत नाही. सहसा चाळीस पुरते.

बाबांनी तीनशे ठेवली होती. जॉयस्टिक अर्ध्याहून जास्त ढकलली तरी साप वळत नव्हता.

सुरज तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. तोही सॉफ्टवेअरवालाच. “तीनशे? बघ. मी म्हणत होतो ना, शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं.”

स्मिताला राग आला. सुरजचा, आणि त्या आकड्याचाही. तिनं तीनशे पुसून चाळीस लिहिलं. साप बोटाबरोबर वळायला लागला. बाबांचं काम आता कुणालाही दाखवता येण्यासारखं झालं होतं. सुरजचा फोन पुन्हा वाजला आणि तो गॅलरीत गेला.

“घे आई. खेळून बघ.”

आईनं पदराखालून हात काढला. अंगठा जॉयस्टिकवर ठेवला.

साप वर गेला, डावीकडे वळला, खाली आला आणि स्वतःलाच चावून मेला. सगळं मिळून एक सेकंद. आईनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. स्मितानं पडद्यावरून नजर काढली आणि आईच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा थरथरत होता. मनगटही.

“कधीपासून?”

“दोन वर्षं होतील.” आईनं हात लपवला नाही. “डॉक्टरांना ठाऊक आहे, गोळी चालू आहे. शेजारच्या धनलक्ष्मीलाही ठाऊक आहे. तुम्हा दोघांना तेवढं सांगितलं नव्हतं.”

“का?”

“सांगितलं असतं तर बॅगा दोन वर्षं आधी भरल्या असत्या तुम्ही.” तिनं गॅलरीकडे पाहिलं. “जा, सांग त्याला. हाताचं काय ते मी बघते. सकाळी दूध तापवलं, भात लावला, अर्धा तास जास्त लागला. लागू दे. या घरातनं मी कुठं जायची नाही.”

स्मितानं यंत्र परत लॅपटॉपला जोडलं. चाळीस पुसून तीनशे लिहिलं. आईनं पुन्हा अंगठा ठेवला. हात थरथरत होता तसाच राहिला. साप सरळ गेला. भिंतीपाशी आईनं जोर लावून जॉयस्टिक ढकलली, आणि तो वळला.

सुरज आत आला. “काय गं, सापडली ना बाबांची चूक?”

आई मान खाली घालून खेळत होती. स्मिता त्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“त्यांनी चूक केलीच नव्हती,” ती म्हणाली. “बॅगा वर आण.”

“म्हणजे? अगं, आईची काळजी कोण घेणार इथं?”

“आपल्यातलं कुणी नाही, सुरज. आपल्याला जमत नाही ते. दोन वर्षं तिचा हात थरथरतोय, आणि आपल्याला दिसलाही नाही.”