मैना घरी गेली

“मैना, मी नसताना तुले कोण खेळवते?” मैत्रिणीने, तृप्तीने, पैज लावली, म्हणून खुशबूने रविवारी तृप्तीच्याच गच्चीवर बसून हा प्रश्न खेळात टाकला.

ऑनलाइन खेळ, पण नुसता लिहिण्याचा. मैना हे खुशबूचं पात्र, वैनगंगेत डोंगा चालवणारं, कोणाला न भिणारं. गावच्या नाटकात काम करायचं आहे, हे घरी सांगायला महिनाभर कचरणारी खुशबू मैना झाली की बिनधास्त बोलायची. नियम एकच: दुसऱ्याच्या पात्राची चाल आपण लिहायची नाही. पण आठवडाभर खुशबू शाळेत असताना मैनाच्या चाली आपोआप उमटत होत्या, आणि त्याही तिच्यापेक्षा झकास!

उत्तर आलं: “मीच. अन् मी नसताना तुले कोण खेळवते?”

“बाप्पा! उतरव तिले,” तृप्ती ओरडली.

खुशबूने लिहिलं, ‘मैना काठावर उतरली आणि घरी गेली.’ पुढे काहीच उमटलं नाही. दोघींचा जीव भांड्यात पडला.

घरी पोचताच आई म्हणाली, “परत आली? नाटकाचं आताच तं सांगून गेली. बाबा हो म्हणाले ना! पण तुझे पाय ओले काहून होते?”

खुशबूने दचकून आपल्या कोरड्या पायांकडे पाहिलं. छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता.

“आई, बाबा, आता मी सांगून राहिली,” ती मोठ्यानं म्हणाली. “नाटकात मीच काम करीन.”