डावा रकाना

मोहाडीच्या चर्चमध्ये विश्वासपत्रक, म्हणजे चर्च काय मानतं याची यादी, ठरत होतं. पास्टरांनी फळ्यावर दोन रकाने आखले: डावीकडे ‘यावाचून ख्रिस्ती नाही’, उजवीकडे ‘यात मतभेद चालतील’. धनीराम मात्र लिलाधरवर जळत होता. वीस वर्षं चर्च झाडलं धनीरामनं, आणि चर्चचा पंच होणार लिलाधर! लिलाधरचा बाप्तिस्मा लहानपणी पाणी शिंपडून झालेला. “बुडवून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा. डावीकडे लिवा, पास्टरजी!” धनीराम कडाडला. “लिवा,” लिलाधर म्हणाला, “मले पंच नाई व्हाचं.” पास्टरांनी ओळ लिहिली. धनीरामचा जीव थंडावला. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. त्यावर बायकोचं नाव कोरलेलं होतं. ती गेल्यावर त्यानंच तो चर्चला दिला होता. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यातलंच पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा झालेला. ग्लास लिलाधरनंच धरला होता. धनीरामनं तळव्यानं ओळ पुसली. “उजवीकडे लिवा.” लिलाधरकडे पाहणं त्याला अजूनही जमेना.